परक्याच्या मनाचे दार

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांमध्ये नाताळच्या किंवा कापणीच्या सणाच्या प्रसंगी उपासना आटोपल्यावर लहानथोरांच्या करमणुकीसाठी काही कार्यक्रम करण्याची चाल आहे. कोणी भजन म्हणतात, कोणी संवाद करून दाखवितात, आणि एखाद्या उपदेशकास हातचलाखी येत असली तर तोही आपले चार खेळ दाखवितो. त्यांपैकी एका खेळाविषयी आज वाचकांशी बोलण्याचे योजिले आहे. तो खेळ म्हणजे मनातले ओळखणे. जमलेल्या लोकांतून काही जणांस पुढे बोलवावयाचे, त्यांच्या मनातील गोष्ट त्यांजकडून कागदावर लिहवून घ्यावयाची, आणि तो कागद न उघडता ती सर्वांसमक्ष सांगावयाची. असा खेळ करणे निर्दोष आहे की ते असत्य आहे, हा प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. परंतु तो एका विधवा बाईच्या रूपाने मजपुढे उभा राहिला, त्या दिवसापासून मी त्यास लहान म्हणू शकत नाही.

काही वर्षांपूर्वी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, मी एका लहान मंडळीत हा खेळ केला. सेमिनरीत असता एका सोबत्याकडून तो मी शिकलो होतो. पाच जणांनी आपापल्या आवडीची एकेक वस्तू चिठ्ठीवर लिहून चिठ्ठ्या पाकिटांत बंद केल्या. मी पहिले पाकीट कपाळास लावले, डोळे मिटले, आणि म्हणालो, "ह्यांत हिरवी शाल आहे." आमच्या शब्बाथ शाळेचे मास्तर उठून म्हणाले, "होय, ती चिठ्ठी माझी." मग खातरी करून घेण्याचा बहाणा करून मी ते पाकीट फोडले, आतील चिठ्ठी वाचली व बाजूस ठेवली. दुसरे पाकीट उचलून म्हणालो, "ह्यांत तांबडा बैल आहे." एक शेतकरी चकित होऊन उभा राहिला. अशा रीतीने पाचही चिठ्ठ्या ओळखल्या गेल्या व लोकांनी टाळ्यांचा गजर केला.

ह्यातील मर्म अगदी साधे आहे. मास्तरांचे व माझे आधीच ठरले होते. हिरवी शाल मला अगोदरच ठाऊक होती. त्यांचे पाकीट मी सर्वांत शेवटी ठेविले होते. पहिले म्हणून जे पाकीट फोडले ते शेतकऱ्याचे. त्यांत वाचलेला तांबडा बैल मी दुसरे पाकीट कपाळास लावून सांगितला. दुसऱ्यांत वाचले ते तिसऱ्याच्या वेळी सांगितले. सारांश, मी नेहमी एक पाऊल पुढे होतो, आणि लोक मी बरोबर चाललो आहे असे समजत होते.

रात्री भांडीकुंडी आवरून माणसे पांगल्यावर एक वृद्ध बाई माझ्याजवळ आली. तिचा एकुलता एक मुलगा कामासाठी पुण्यास गेला होता. चार महिने तो घरी आला नव्हता, आणि फोन केला तर उचलीत नव्हता. ती म्हणाली, "साहेब, परक्या मानसांच्या मनातलं तुमी सांगितलं. माज्या लेकराच्या मनात काय हाय, येवढं सांगा."

मी म्हणालो, "मावशी, तो खेळ होता. मला कोणाच्याही मनातले कळत नाही."

ती थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "वाईट आसंल म्हनून लपिवताय."

वाचकहो, माझ्या खोट्यावर तिने तत्काळ विश्वास ठेविला होता. माझ्या खऱ्यावर तिचा विश्वास बसेना. उलट माझा नकार हाच तिला अशुभाचा निरोप वाटू लागला. शेवटी मी मास्तरांस हाक मारली, दिव्याजवळ बसून तीच पाकिटे पुन्हा मांडली, आणि सारी युक्ती तिला दोन वेळा करून दाखविली. तिने पाकिटे हातांत घेऊन उलटसुलट पाहिली. "म्हंजे तुमालाबी ठावं न्हाई," इतकेच ती बोलली. त्या शब्दांत माझी निंदा नव्हती. परंतु तिच्या हाती आलेली एक दोरी मी काढून घेतली, आणि ती दोरी मुळात मीच तिच्यापुढे लोंबकळत सोडली होती, हे मला त्या रात्री समजले.

आता प्रश्नाचा विचार करू. दिसते एक व असते दुसरे, एवढ्यावरून एखादी गोष्ट खोटी ठरते काय? तसे म्हणता येत नाही. आमच्या गावांत बहुरूपी येत असे तो पुष्कळांस आठवत असेल. तो फौजदाराचा वेष घेऊन दारात उभा राही, दरडावून बोले, आणि घरधनी हसून त्याच्या झोळीत पसाभर धान्य घाली. ह्यांत कोणाचीही फसवणूक नव्हती. परंतु तोच मनुष्य तोच वेष घालून रानवाटेने जाणाऱ्या अनोळखी वाटसरूस अडवील व दंड म्हणून पैसे घेईल, तर तो चोर होय. वेष तोच, शब्द तेच. भेद इतकाच की घरधन्यास सोंग ठाऊक आहे व वाटसरूस ठाऊक नाही. म्हणून असत्य हे केवळ बोलणाऱ्याच्या शब्दांत नसते. बोलणारा व ऐकणारा ह्यांच्यामध्ये जो करार असतो त्यात ते पाहिले पाहिजे. तो करार जोवर दोघांसही ठाऊक आहे तोवर सोंग निर्दोष आहे.

मनातले ओळखण्याचा खेळ ह्याच करारावर फार दिवस चालत आला आहे. फ्रान्स देशातील प्रसिद्ध जादूगार रोबेर-हुदँ ह्याने १८४६ साली पॅरिस शहरी आपल्या मुलासह असा प्रयोग सुरू केला. मुलगा डोळ्यांवर पट्टी बांधून रंगभूमीवर बसे. बाप लोकांत हिंडून त्यांच्याजवळील वस्तू हातांत घेई व मुलास विचारी, आणि मुलगा ती वस्तू सांगे. बापाच्या प्रश्नांतील शब्दांतच उत्तराची खूण असे. लोक तिकीट काढून नाटकगृहात आले होते, आणि आपण जादूगाराचा खेळ पाहत आहो हे त्यांस माहीत होते.

परंतु ही सीमा किती सहज ओलांडली जाते, ह्याचे उदाहरण अमेरिकेतील हॅरी हुडिनी ह्याच्या चरित्रात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, दारिद्र्याच्या दिवसांत, तो व त्याची पत्नी लहान गावांतून मृतांचे निरोप सांगण्याचे प्रयोग करीत असत. गावातील माणसांची माहिती आधी गुपचूप मिळवावयाची, आणि ती परलोकातून आली असे दाखवावयाचे, अशी त्यांची रीत होती. त्या वेळी त्यास ही गंमत वाटे. पुढे १९१३ साली त्याची आई वारली. स्वतः शोक भोगल्यावर, आपण इतरांच्या शोकाशी कसे खेळलो हे त्यास कळून आले, आणि १९२४ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात त्याने आपली लाज उघडपणे लिहून ठेविली. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांची लबाडी उघडकीस आणण्यात घालविली. हातचलाखी सोडून देण्याची त्यास गरज वाटली नाही. त्याने सोडले ते तिला दिलेले खोटे नाव.

ह्याहून आपणांस अधिक झोंबणारी गोष्ट १९८६ सालची आहे. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा एक सुवार्तिक आपल्या सभांत अनोळखी आजारी लोकांची नावे, पत्ते व दुखणी अचूक सांगत असे, आणि हे ज्ञान देवाकडून येते असे म्हणे. जेम्स रँडी नावाच्या जादूगारास संशय आला. त्याने व त्याच्या सोबत्याने बिनतारी संदेश पकडणारे यंत्र सभेत नेले, तेव्हा ३९.१७ मेगाहर्ट्झ ह्या लहरीवर एका स्त्रीचा आवाज ऐकू आला. ती पॉपॉफची पत्नी होती. सभेपूर्वी लोकांनी ज्या कार्डांवर प्रार्थनेच्या विनंत्या लिहिल्या होत्या, त्यांतील मजकूर ती पतीच्या कानातील लहानशा यंत्रात सांगत होती. रँडीने ते ध्वनिमुद्रण दूरचित्रवाणीवर सर्व देशास ऐकविले. पुढच्याच वर्षी, १९८७ साली, पॉपॉफच्या संस्थेने दिवाळे काढले.

येथे विचार करा. माझी पाकिटे आणि त्याची कार्डे ह्यांत युक्तीच्या दृष्टीने कितीसा फरक आहे? दोहोंतही लिहिलेले गुपचूप वाचले गेले व न वाचल्यासारखे सांगितले गेले. फरक आहे तो ऐकणाऱ्याच्या हानीत. तांबड्या बैलाचा धनी हसत घरी गेला. आजारी मनुष्य मात्र आपला देह, पैसा व विश्वास त्या शब्दावर टाकून गेला. अंतःकरणे जाणणारा एकच आहे, असे आपण दर शब्बाथ दिवशी कबूल करतो. त्याची सही आपल्या हाताने करणे ह्यास करमणूक म्हणता येत नाही. आमच्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतही तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळविणे व लोकांस फसविणे हे एकत्र नमूद केले आहे. हा कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात खून झाला. हातचलाखी व भोंदूगिरी ह्यांतील भेद लोकांस समजावून सांगणे हे किती मोलाचे काम आहे, हे त्यावरून दिसते.

आणखी एक धोका आहे, आणि तो प्रामाणिक मनुष्यासही चुकत नाही. बर्लिन शहरी फॉन ऑस्टेन नावाच्या वृद्ध शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणिताची उत्तरे देत असे. धनी कोणाकडून पैसा घेत नसे. १९०४ साली विद्वानांच्या मंडळाने तपास केला तेव्हा त्यांस लबाडी आढळली नाही. नंतर ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की, विचारणाऱ्यास स्वतःस उत्तर ठाऊक नसले, किंवा घोड्यास विचारणारा दिसत नसला, तर घोड्यास काहीच येत नाही. विचारणाऱ्याच्या मस्तकाची नकळत होणारी बारीकशी हालचाल पाहून तो थांबत असे. ह्यांत कोणीही लबाड नव्हता, तरी सर्व फसले. आम्ही पाळक व उपदेशक लोक रोज माणसांची तोंडे पाहतो. पुष्कळदा चेहऱ्यावरून दुःख ओळखतो, आणि ओळखले म्हणजे लोक आदराने पाहू लागतात. त्या वेळी हा आपल्यास मिळालेला गूढ अधिकार आहे असे मनाशी धरले, तर आपण परक्याच्या आधी स्वतःस फसविले.

ज्यास आपण पुढे बोलावितो त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. तो आपल्यावर भरवसा ठेवून दहा माणसांत उभा राहतो. त्याचे हसे करू नये. त्याचे गुपित चव्हाट्यावर आणू नये. आणि त्यास आपल्यासाठी खोटे बोलावयास लावू नये. ह्या तिसऱ्या गोष्टीत मी चुकलो होतो. पुढच्या शब्बाथ दिवशी मास्तर मजकडे येऊन म्हणाले, "साहेब, मुले विचारतात, खरेच तुमच्या मनात हिरवी शाल होती का? आता काय सांगू?" खरे बोलण्याचा धडा ज्याने द्यावयाचा, त्याच्याच तोंडी मी ते 'होय' घातले होते. आम्ही दोघांनी मुलांपुढे जाऊन सर्व उघड केले. मुलांनी रागावण्याऐवजी युक्ती शिकवा असा हट्ट धरला.

तेव्हा माझे मत असे आहे की, हा खेळ पाप नव्हे. परंतु तो करणाऱ्याने स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पाहणारा घरी जाऊन ह्या खेळाच्या बळावर औषध, पैसा, सोयरीक किंवा विश्वास ह्यांविषयी काही ठरवील काय? त्याने एकांती विचारले तर मी खरे सांगेन काय? आणि मदतीस आलेल्या मनुष्याची अब्रू व सचोटी घरी जाताना शाबूत राहील काय? मी अजूनही क्वचित खेळ करतो. आरंभीच सांगतो की ही युक्ती आहे, आणि कोणाच्याही मनातले त्याने सांगितल्यावाचून मला कळत नाही. संगनमताचा मनुष्य ठेवीत नाही. लोक पूर्वीप्रमाणेच हसतात. तरी ज्या घरी नुकताच शोक झाला आहे तेथे मी पाकिटे काढीत नाही. कारण दुःखी मनुष्याच्या कानांत आरंभीचा इशारा राहत नाही.

त्या बाईच्या मुलाचे काय झाले, असे वाचक विचारतील. मंडळीतील एका वडिलांस घेऊन मी पुण्यास गेलो. दोन दिवस शोध केल्यावर तो सापडला. त्याच्या अंगावर कर्ज झाले होते, आणि आईस तोंड दाखविण्याची त्यास लाज वाटत होती. हे मी त्याच्या मुद्रेवरून ओळखले नाही. आम्ही त्याच्या खोलीत बसलो, चहा झाला, आणि पुष्कळ वेळ कोणीच बोलले नाही. मग त्याने आपण होऊन सांगितले. परक्याच्या मनास दार आहे, पण त्याची कडी आतून आहे. बाहेर उभे राहून हाक मारावी व वाट पाहावी, एवढेच मनुष्याच्या हाती आहे. आईकडे परत आल्यावर मी तिला सांगितले, "मावशी, त्याच्या मनात काय आहे ते आता ठाऊक आहे, त्यानेच सांगितले."