उचललेली लेखणी

केळापूरकडच्या एका तरुण कथाकाराने मध्यंतरी आपली कथा मला वाचायला दिली. काळ 1892 चा. केळापूरचा एक फकीर भटकत नागपूरला जातो. पोलीस त्याला पकडून वेड्यांच्या इस्पितळात टाकतात. तिथे विजेचे झटके खाऊन तो मरतो.

मी म्हटले, "बेटा, नागपूरचे इस्पितळ 1864 पासूनचे आहे, ते ठीक. पण वेडावर उपाय म्हणून फिट आणणारे विजेचे झटके पहिल्यांदा दिले गेले ते 1938 साली, इटलीत. तुझ्या फकिराला ते कसे मिळतील?"

तो म्हणाला, "सर, हाल तर होतच असतील ना? साधन चुकले तर काय बिघडले?"

प्रश्न रास्त आहे. कथा म्हणजे दप्तर नव्हे. मंटोच्या 'टोबा टेकसिंग'मधला बिशनसिंग कुठल्या नोंदवहीत शोधायला आपण जात नाही. पण फाळणीनंतर दोन्ही देशांनी वेड्यांची अदलाबदल केली, हे खरेच घडले होते आणि मंटो स्वतः लाहोरच्या मनोरुग्णालयात राहून आला होता. त्याची कल्पना त्या पायावर उभी आहे.

मला खरी सलली ती दुसरीच गोष्ट. फकिराला वेड गांजाने लागले, असे कथेत होते. विचारले तर उत्तर आले, "त्या काळच्या सरकारी अहवालांत तसेच आहे, सर. इथे तरी चूक नाही."

खरी मेख इथेच आहे. 1858 च्या कायद्याने रस्त्यावर फिरणाऱ्या वेड्याला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचे काम पोलिसांकडे दिले. सोबतच्या कागदात वेडाचे कारण लिहावे लागे. नातलग नाहीत, पूर्वायुष्य ठाऊक नाही. मग गांजा ओढणारा दिसला की 'गांजा' लिहून मोकळे. 1893-94 मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाने 1892 सालच्या नोंदी तपासल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत त्या वर्षी दाखल झालेल्या 1344 जणांपैकी 222 जणांचे वेड गांजा-भांगेच्या माथी मारलेले होते. चौकशीअंती ते कारण, निदान अनेकांतले एक कारण, म्हणून टिकले अवघ्या 98 प्रकरणांत. म्हणजे 124 माणसांवर शिक्का बसला तो विनापुरावा.

झटक्यांची चूक कोणीही जाणकार दाखवून देईल. ही दुसरी चूक मात्र कागदाला धरून आहे, म्हणून अधिक घातक. कारण ती पोलिसाची लेखणी कथाकाराच्या हाती देते.

हदीसमध्ये आले आहे की, तिघांवरून लेखणी उचललेली असते: झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत. अल्लाहच्या दरबारात ज्याच्या नावे गुन्हा लिहिला जात नाही, त्याच्या नावे आपण काय लिहितो, याचा जाब आपल्याला द्यावा लागणार नाही का? जिवंत माणूस निदान भांडेल, खुलासा करील. 1892 सालच्या फकिराला तेव्हाही कोणी विचारले नाही, आता तर तो बोलूच शकत नाही.

इतिहासाशी इमान राखायचे ते तारखांसाठी नव्हे, या मुक्या माणसांसाठी. त्यांच्याविषयी कल्पना जरूर करावी. आळ मात्र घेऊ नये.

त्या तरुणाने झटके काढून टाकले. गांजाच्या ओळीवर तो अजून विचार करतो आहे. मला तेही पुरेसे वाटते.