गरीब मनुष्याने मत मागावे काय?

गावात निवडणुकीचे दिवस आले म्हणजे आमच्या मंडळ्यांतून एक प्रश्न नेहमी निघतो. मोलमजुरी करून पोट भरणारा एखादा भाऊ आपण उभे राहावे असे मनात आणतो, आणि ते ऐकून काही वडील मंडळी मान हलवितात. कोणी म्हणतात, 'राजकारण म्हणजे चिखल. त्यात पाय घातला की धोतर मळलेच.' कोणी म्हणतात, 'ज्याच्या घरी दोन वेळची भाकर नाही त्याने अधिकार मागावा हा गर्व आहे.' आणि जे अधिक विचारी असतात ते म्हणतात, 'दुसऱ्यांच्या पैशाने दया करणे ही खरी दया नव्हे.' ह्या तिन्ही बोलण्यांत सत्याचा अंश आहे, म्हणून ती हसण्यावारी नेणे योग्य होणार नाही. तथापि ती पूर्ण सत्य आहेत काय, ह्याचा विचार आज आपण एका मजुराच्या खऱ्या हकीकतीच्या आधारे करू.

लंडन शहराच्या पूर्व भागी, थेम्स नदीच्या काठी, पॉप्लर नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जहाजांच्या मोठ्या गोद्या होत्या, आणि गोदीच्या दाराशी रोज पहाटे कामाची वाट पाहत उभे राहणारे हजारो मजूर होते. ह्या वस्तीत 1852 साली विल्यम क्रुक्स ह्याचा जन्म झाला. त्याचा बाप आगबोटीच्या भट्टीवर काम करीत असे. मुलगा अगदी लहान असताना यंत्रात सापडून बापाचा एक हात गेला, आणि घराचा सारा भार आईच्या सुईवर आला. ती रात्र रात्र जागून कपडे शिवी. तरी सात मुलांच्या तोंडी घास पडेना.

त्या काळी इंग्लंडात गरिबांच्या मदतीसाठी प्रत्येक विभागात एक मंडळ असे. त्यातील सभासदांस 'पालक' असे नाव होते. ह्या पालकांकडून क्रुक्सच्या घरी थोडी मदत येत असे. 1861 च्या सुमारास त्यांनी ती बंद केली, आणि बापाने मुलांना घेऊन दरिद्रगृहात राहावयास जावे असे ठरविले. दरिद्रगृह म्हणजे निराधार लोकांस ठेवण्याचे घर. परंतु ते मुद्दाम असे चालविले जाई की, शक्य तोवर कोणी त्याच्या दाराशी येऊ नये. तेथे नवऱ्यास बायकोपासून आणि मुलांस आईबापांपासून वेगळे ठेवीत. नऊ वर्षांचा विल्यम ह्या घरात गेला. तेथून पुढे त्याला गरिबांच्या मुलांच्या शाळेत धाडण्यात आले, आणि तेथे त्याची व त्याच्या धाकट्या भावाची ताटातूट झाली. काही काळाने आईने कष्टाने भाडे जमवून मुलांना परत घरी आणिले. परंतु त्या दिवसांची आठवण त्याच्या मनातून कधी गेली नाही.

पुढे तो लाकडी पिपे बनविण्याचे काम शिकला. कारखान्यातील अन्यायाविरुद्ध बोलतो म्हणून त्याचे काम गेले, आणि कामाच्या शोधात त्याला लंडनहून लिव्हरपूलपर्यंत पायपीट करावी लागली. परत आल्यावर दर रविवारी गोदीच्या दाराशी उभा राहून तो मजुरांस सार्वजनिक कामांची माहिती सांगू लागला. कर कोठून येतो, तो कोठे जातो, वाचनालय कसे मिळते, हे त्याने त्यांस साध्या भाषेत समजावून दिले. लोकांनी त्या जागेला थट्टेने व प्रेमाने 'क्रुक्सचे कॉलेज' असे नाव दिले होते. 1892 साली तो लंडनच्या कौंटी कौन्सिलावर निवडून आला.

आता दरिद्रगृहाच्या पालकांकडे वळू. पूर्वी पालक होण्यास ठराविक किमतीची मालमत्ता असावी लागे. म्हणून गरिबांचा पालक कधी गरीब नसे. ही अट प्रथम सैल झाली, आणि 1894 च्या कायद्याने ती नाहीशीच झाली. 1893 साली क्रुक्स पॉप्लरच्या पालक मंडळावर निवडून आला, आणि 1897 साली त्याच मंडळाचा अध्यक्ष झाला. ज्या दारातून तो लहानपणी भुकेने आत गेला होता, त्याच दारातून आता तो अधिकारी म्हणून आत गेला.

आत त्याला काय दिसले? त्याचा सोबती जॉर्ज लान्सबरी हाही त्याच मंडळावर निवडून आला होता. त्याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेविले आहे की, गरिबांना वाढलेल्या कांजीत काही काळे पदार्थ तरंगताना दिसले, आणि पाहणी केली तेव्हा ती उंदरांची लेंडी निघाली. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. त्या घराचे आधीचे पालक हे दुष्ट लोक होते असे मानण्याचे कारण नाही. त्यांतील पुष्कळ जण प्रतिष्ठित होते, आणि रविवारी उपासनेस जाणारेही असतील. परंतु ती कांजी त्यांनी वा त्यांच्या लेकरांनी कधी खाल्ली नव्हती. ज्याने ती खाल्ली होती त्याने प्रथम वाडग्यात डोकावून पाहिले. अन्नात व वस्त्रांत सुधारणा झाली. म्हाताऱ्या माणसांस माणसासारखे वागविण्यात येऊ लागले. 1901 साली हाच पिपे बनविणारा कारागीर पॉप्लरचा नगराध्यक्ष झाला. लंडनच्या कोणत्याही विभागात मजूर पक्षाचा नगराध्यक्ष होण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता पहिल्या आक्षेपाकडे येऊ. राजकारण चिखल आहे काय? शास्त्यांच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथामाने सांगितलेला दृष्टांत तुम्हांस ठाऊक आहे. झाडांना राजा पाहिजे होता. जैतुनाने आपले तेल, अंजिराने आपली गोडी आणि द्राक्षवेलीने आपला रस सोडून येण्यास नकार दिला. शेवटी काटेझुडपाने राज्य पत्करले, आणि त्यातून अग्नी निघण्याची पाळी आली. ह्या दृष्टांतात काटेझुडपाचा दोष तर आहेच. पण चांगल्या झाडांनी अंग काढून घेतले नसते तर त्याला कोणी विचारिले असते काय? जो भला मनुष्य 'मला चिखल नको' म्हणून घरी बसतो, त्याचे धोतर स्वच्छ राहते खरे. परंतु गावच्या विधवेच्या वाडग्यात काय पडते हे पाहणारा कोणी उरत नाही. प्रेषितांनीसुद्धा, रोजच्या वाटपात विधवांची हेळसांड होते अशी कुरकूर ऐकली तेव्हा, 'हे ऐहिक काम आहे' असे म्हणून ते टाकून दिले नाही. त्यांनी मंडळीस सात माणसे निवडावयास लाविली, आणि ती आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावी अशी अट घातली. भाकरी वाटण्याच्या कामाला इतकी पात्रता लागते, हे आपण विसरता कामा नये.

दुसरा आक्षेप गर्वाचा. गर्वाचे बीज प्रत्येकाच्या अंतःकरणात आहे. ते श्रीमंताच्या ठायी आहे तसेच गरिबाच्याही ठायी आहे. म्हणून उभे राहणाऱ्या भावाने प्रथम एकांतात गुडघे टेकून आपल्या मनास विचारावे, 'मला खुर्ची हवी आहे की त्या वाडग्याची चिंता आहे?' परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. कौंटी कौन्सिलाच्या सभासदास वेतन नसे, आणि सभेस गेल्यास मजुराची मजुरी बुडे. तेव्हा पॉप्लरच्या मजुरांनी आपापल्या तुटपुंज्या कमाईतून वर्गणी काढून क्रुक्सच्या चरितार्थाचा निधी उभारिला. ज्याचे मीठ त्याच्या शेजाऱ्यांच्या ताटातून येते, त्याला गर्व करण्यास फारशी जागा उरत नाही. आणि अधिकार म्हणजे सर्वदा मानच असतो असेही नाही. 1921 साली, क्रुक्सच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच, पॉप्लरच्या 30 नगरसेवकांनी, गरीब वस्तीवर श्रीमंत वस्तीपेक्षा जड पडणारी कराची वाटणी अन्यायाची आहे म्हणून, न्यायालयाची आज्ञा असूनही ठरलेली रक्कम भरण्याचे नाकारिले. त्याबद्दल त्यांनी सुमारे सहा आठवडे तुरुंगवास भोगिला. त्यांत लान्सबरी होता, आणि 5 स्त्रियाही होत्या. कायदा मोडण्याचा त्यांचा मार्ग बरोबर होता की नाही, ह्याविषयी सुज्ञ माणसांत मतभेद होऊ शकेल. परंतु तो मार्ग मानाच्या लोभाने धरिला होता असे कोणी म्हणू शकणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे, आणि तो क्रुक्सलाही चुकला नाही. 1906 साली पॉप्लरच्या पालक मंडळाच्या कारभाराची सरकारी चौकशी झाली. मंडळ सढळ हाताने खर्च करिते, आणि त्यामुळे करदात्यांवर भार पडतो, असा ठपका त्यावर आला. क्रुक्स व लान्सबरी ह्यांनी स्वतःसाठी पैसा घेतला असा दोष त्यांच्यावर लागला नाही. तरी त्या चौकशीतून आपण शिकले पाहिजे. सार्वजनिक तिजोरीत श्रीमंताचा पैसा असतो तसा हातगाडीवाल्याचा व विधवेचाही असतो. गरिबास द्यावयाचे म्हणून हिशेब ठेवू नये, असे कोठेही सांगितलेले नाही. नहेम्याचे उदाहरण पाहा. तो यहूद्यांवर अधिकारी असता गहाण पडलेली शेते त्याने सोडवून दिली, आणि स्वतः मात्र अधिकाऱ्याचा भत्ता घेतला नाही, कारण लोकांवर आधीच जड भार होता. दया व हिशेब ही एकाच घरातील दोन भावंडे आहेत. एकास बाहेर काढिले की दुसरेही बिघडते. म्हणून आमचे उत्तर असे आहे की, दुसऱ्यांच्या पैशाने केलेली दया ही खोटी नव्हे. ती न्यायाची एक बाजू आहे. मात्र जो ती करितो त्याने दर पैशाचा जाब उघड्यावर देण्यास सिद्ध असले पाहिजे.

ह्यावरून असे समजू नये की, गरीब असणे हीच अधिकाराची पात्रता आहे. भूक सोसलेला प्रत्येक मनुष्य भुकेल्याची आठवण ठेवितोच असे नाही. फारोच्या प्यालेबरदारास योसेफाने बंदिखान्यात धीर दिला होता. तो सुटून राजवाड्यात गेला आणि दोन वर्षे योसेफास विसरला. आपल्यातूनच वर गेलेले असे प्यालेबरदार आपण पाहिले नाहीत काय? क्रुक्सची थोरवी ही की, राजवाड्यात गेल्यावरही त्याला बंदिखाना आठवत राहिला.

तेव्हा आमच्या ग्रामीण मंडळ्यांस चार गोष्टी सुचवावयाच्या आहेत. पहिली, कोणी भाऊ वा बहीण मत मागावयास आली तर तिची संपत्ती वा जात विचारू नका. गावातील सर्वांत गरीब घरी तिचे पाऊल निवडणुकीपूर्वी किती वेळा पडले होते ते विचारा. दुसरी, उपदेशकांनी व्यासपीठावरून कोणा उमेदवाराचे नाव घेऊ नये. पण पैसे वा दारू घेऊन मत विकणे हे पाप आहे, असे तेथूनच निर्भयपणे सांगावे. तिसरी, आपल्यातील कोणी सचोटीचा मजूर निवडून आला तर त्याला एकटा सोडू नका. सभेच्या दिवशी त्याची मजुरी बुडते. ती शेजाऱ्यांनी आपसांत वाटून घ्यावी, म्हणजे लाचेच्या पैशाकडे पाहण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. चौथी, वर्षातून एकदा त्याला प्रेमाने बोलावून हिशेब विचारावा, आणि चुकला असेल तर तोंडावर सांगावे.

आमच्या खेड्यांत दरिद्रगृह नाही. परंतु शाळेत शिजणारा मुलांचा भात आहे, शिधावाटपाचे दुकान आहे, पाण्याचा नळ आहे, आणि निराधार म्हाताऱ्यांस मिळणारे वेतन आहे. ह्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी वाडग्यात डोकावून पाहण्याची गरज आहे. ते करण्यास ज्याला प्रभू पाचारण करितो त्याने 'मी दीन आहे, मला कोण विचारतो' असे म्हणून मागे सरू नये. आणि जे घरी राहतात त्यांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी की, खुर्चीवर बसल्यावर त्याला आपल्या आईची सुई आणि आपल्या शेजाऱ्याची भूक आठवत राहो.