चिमूटभर पिठाचा प्रश्न

आपल्यात दान चार प्रकारचं सांगितलं आहे: आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान. लहानपणापासून हे चार शब्द मी एका दमात म्हणत आले. पण आहार आणि औषध खरोखर वेगळे आहेत का, हा विचार माझ्या भाचीला सीलिअ‍ॅक आजार निघाला तेव्हा प्रथम मनात आला.

या आजारात गहू, बार्ली, राय यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. खाल्लेलं अंगी लागत नाही. यावर गोळी नाही, ऑपरेशन नाही. जन्मभर ग्लुटेन टाळायचं, एवढाच उपाय. म्हणजे तिच्या ताटात आहार आणि औषध एकच झालं.

हे औषध मिळतं किराणा दुकानात. भाची नोकरी करते आणि रात्री जेवत नाही. ऑफिस सुटल्यावर दिवस मावळायच्या आत पोटात काही जायचं, तर पाकिटातलं तयार अन्न लागतंच. याला कुणी चैन म्हणू नये. पण ‘ग्लुटेन-फ्री’ बिस्किटांचा पुडा साध्या पुड्याच्या दुप्पट-तिप्पट किमतीला. बरं, तोही उलटून वाचला तर कधी अंडं, कधी बटाट्याचा स्टार्च. कंदमूळ नको म्हणून पुडा परत जागेवर.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं स्वस्त वस्तू थोड्या आहेत का? खरं आहे. चुरमुरे, पोहे, फुटाणे, राजगिऱ्याचे लाडू. जोंधळ्याची कडक भाकरी तर आपल्या भागातलं मूळचं तयार अन्न. बायका गट करून भाजतात, पाकिटं विकतात, कितीतरी दिवस टिकते. जोंधळ्यात ग्लुटेन नाहीच. पण त्या आधी गिरणीत गहू दळला असेल तर? चुरमुऱ्यांना दोष नाही, पण फोडणीतल्या हिंगाचं काय? बाजारच्या बांधणीच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आपल्या देशात ग्लुटेन-फ्री म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात, तपासणी लागते. म्हणून महाग पुड्याची सगळी किंमत मी लोभाच्या खात्यावर टाकत नाही. त्यातले काही पैसे खात्रीचे आहेत.

माझा प्रश्न इथं सुरू होतो. ही खात्री विकतच घ्यायला हवी का?

मुनींच्या आहारासाठी आपण चौका लावतो. धान्य निवडतो, पीठ ताजं घरी दळतो, पाणी गाळतो, भांडी वेगळी ठेवतो. अन्नात एक केस निघाला तरी अंतराय होतो, हे घरातल्या लहान पोरीलाही ठाऊक असतं. ही सगळी सावधानता आपण विनामोल देतो आणि त्यात धन्यता मानतो. त्याच घरातल्या बाया लग्नाच्या पंगतीत भाचीला म्हणतात, “एवढ्याशा पोळीनं काय होतंय गं? घे, नको म्हणू नये.” डोळ्याला न दिसणाऱ्या जीवांसाठी पाणी गाळणाऱ्या आपण, डोळ्याला न दिसणाऱ्या पिठावर मात्र विश्वास ठेवत नाही!

कुणी म्हणेल, मुनी ते मुनी, पोर ते पोर. बरोबरी मीही करत नाही. पण एक गोष्ट पाहा. अंतराय आला तर मुनी समभावानं परततात, ते व्रत त्यांनी समजून-उमजून घेतलेलं असतं. भाचीनं आजार मागून घेतलेला नाही. उपाशी उठायचं की दुखणं घेऊन उठायचं, एवढीच निवड आपण तिच्यापुढं ठेवत असू, तर तो आग्रह प्रेमाचा असला तरी त्याला हिंसाच म्हणावं लागेल.

आणि मैत्रिणींनो, आपल्याला नवीन काही शिकायचं नाही. दोन-चार घरांनी मिळून एक घरचक्की फक्त जोंधळा आणि तांदळासाठी ठेवावी, तिच्यात गहू कधीच घालू नये. एक तवा, एक पोळपाट वेगळं. फोडणी बिनहिंगाची. अशा पिठाची कडक भाकरी आणि तांदळाच्या शेवया करून ठेवल्या, तर नोकरीवाल्या मुलीला महिन्याची सोय साध्या किमतीत होईल. वसतिगृहात, भोजनशाळेत एक कोपरा असा राखता येईल. देणगीच्या पावत्या फाडताना पंखे आणि फरशा आठवतात, तशी ही चक्कीही आठवावी.

दुकानातली किंमत उतरवणं माझ्या हातात नाही. पण चौक्यातली सावधानता आपल्या हातात आहे. ती मुनींचा आहार झाल्यावर भांड्यांबरोबर माळ्यावर ठेवून द्यायची नसते. घरात जिला तिची रोज गरज आहे, तिच्यासाठी ती रोज वापरायची. आहारदान आणि औषधदान, दोन्ही एकाच भाकरीत घडतील.