यंत्राला दिसणारी हालचाल आणि पाहणारा साक्षी

हालचाल टिपणाऱ्या कलाकृतीत प्रेक्षक हाच कलेचा एक भाग होतो. कॅमेरा त्याच्या शरीराची हालचाल टिपतो, संगणक तिचे गणित मांडतो आणि त्यानुसार समोरचे चित्र, आवाज किंवा प्रकाश बदलतो. अमेरिकेत मायरन क्रूगर यांनी १९७०च्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ या प्रयोगातून ही वाट पाडली. २०१०च्या नोव्हेंबरात किनेक्ट हा अंतर मोजणारा कॅमेरा बाजारात आल्यावर ही साधने सामान्य कलावंताच्याही हाती आली.

महाराष्ट्रातले ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या शिल्पा गुप्ता यांची २००७ मधली ‘शॅडो ३’. पडद्यासमोर उभ्या राहणाऱ्याची सावली पडद्यावर उमटते आणि वरून घसरत येणाऱ्या वस्तूंच्या सावल्या तिला येऊन चिकटू लागतात. झटकून त्या जात नाहीत. कर्म आणि त्याचे बंधन यांविषयीचा भारतीय विचार माहीत असलेल्याला इथे अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्यातून एक अवघड प्रश्न उभा राहतो: पडद्यावर जे घडले, ते कोणी केले?

प्रेक्षक म्हणेल, मी हात हलवला म्हणून घडले. कलावंत म्हणेल, ती शक्यता मी आधीच रचून ठेवली होती. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. प्रदर्शनाचे दालन हे अधिष्ठान, प्रेक्षक हा कर्ता, कॅमेरा व संगणक ही करणे, हात हलवणे ही चेष्टा आणि कोणाच्याच हाती नसलेला योगायोग हे दैव, अशी ती इथे लावता येतात. केवळ आपणच कर्ते आहोत असे मानणाऱ्याला खरे दिसत नाही, असे गीता पुढे सांगते. प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, या अध्यायावरचे मराठी भाष्य ज्ञानेश्वरीत पूर्ण झाले. कर्तेपण असे वाटले गेले, तरी जबाबदारी मात्र नाहीशी होत नाही. पडद्यासमोर उभे राहायचे की नाही, हे प्रेक्षकच ठरवतो.

सांख्यदर्शन याहून खोल जाते. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतली विसावी कारिका सांगते की साक्षी असलेला चेतन पुरुष आणि अचेतन प्रकृती यांच्या संयोगामुळे अचेतन ते सचेतन भासते आणि उदासीन पुरुष कर्ता असल्यासारखा वाटतो. पडदा आपल्याला ओळखतो असे प्रेक्षकाला वाटते, ते याच जातीचे भासणे आहे. त्याच ग्रंथात प्रकृतीला नर्तकीची उपमा दिली आहे. प्रेक्षकांना नृत्य दाखवून झाले की ती थांबते. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९९९ मधल्या ‘बायपेड’ या नृत्यात नर्तकांच्या अंगावरील खुणांवरून गती नोंदवून घेतली गेली आणि ती रेखाटलेल्या आकृत्यांना दिली गेली. शरीर बाजूला राहिले आणि नृत्य चालू राहिले. गती ही प्रकृतीची असते आणि पाहणाऱ्यापासून वेगळी काढता येते, हे तंत्राने इथे दाखवले.

यंत्राची मर्यादाही याच जागी दिसते. हालचाल शोधण्याच्या एका प्रचलित रीतीत संगणक रिकाम्या दालनाचे चित्र लक्षात ठेवतो आणि नव्या चित्रातून ते वजा करतो. उरते तो माणूस. हे लक्षात ठेवलेले चित्र सतत ताजे होत असेल, तर बराच वेळ स्तब्ध उभा राहिलेला माणूस हळूहळू पार्श्वभूमीतच जमा होतो. यंत्राच्या लेखी तो नाहीसा झाला. तो स्वतः मात्र तिथेच असतो, पाहतही असतो. साक्षीभावाचे असे रोकडे प्रात्यक्षिक शब्दांच्या चर्चेत क्वचितच मिळते.

ज्ञानदेवांच्या ‘चांगदेव पासष्टी’त आरशाचा दाखला आहे. आरशामुळे मुख पाहिले जाते, पण मुख आरशावर अवलंबून नसते. पाहणारा आणि पाहिला जाणारा हे दोन भाग आरशाच्या निमित्तानेच पडतात. परस्परसंवादी पडदाही असाच निमित्त ठरतो. कॅनडाचे डेव्हिड रोकबी यांच्या १९९५ मधल्या ‘वॉच’ या कृतीत एकाच रस्त्याची दोन चित्रे शेजारी दिसतात: एकात फक्त हलणारे, दुसऱ्यात फक्त स्थिर असलेले. म्हणजे स्तब्धताही यंत्राला टिपता येते, आणि नुसते स्तब्ध राहणे म्हणजे साक्षी होणे नव्हे. साक्षी या दोन्ही चित्रांना पाहतो आणि दोहोंपैकी कशातही सापडत नाही.