कारण सांगता येईल तेवढेच गुण

श्रावण लागला की दिवाळीपर्यंत गावोगावी सौंदर्यस्पर्धांचे फलक झळकतात. महिला मंडळाची ‘श्रावणसुंदरी’, नवरात्र मंडळाची ‘सौभाग्यवती’, पुढे गॅदरिंगच्या दिवसांत कॉलेजची ‘मिस फ्रेशर’. मंगल कार्यालयाचा हॉल, साडीच्या दुकानदाराने दिलेली पैठणी, सराफाने दिलेली नथ आणि पहिल्या रांगेत पांढरे कापड घातलेल्या टेबलामागे तीन-चार परीक्षक. त्यांत कोणी शिक्षिका, कोणी डॉक्टर, कोणी ब्युटी पार्लरच्या संचालिका, तर कोणी माझ्यासारखे लिहिणारे.

अशा स्पर्धा मुळात असाव्यात का, हा वाद जुना आहे आणि तो खोटा नाही. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा तिच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले होते. पण आपल्या गावात या स्पर्धा होत आहेत आणि मुली, बायका त्यांत हौसेने उतरत आहेत. सबंध वर्ष घर, नोकरी, मुलांचे डबे यांत जाते. त्यातली एक संध्याकाळ काढून स्वतःसाठी नटायचे आणि चारशे डोळ्यांसमोर ताठ मानेने चालायचे, याला धैर्य लागते. त्या हौसेला हिणवण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून आजचा प्रश्न खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला आपण आकडा लावतो, तो कशाच्या बळावर?

मला यावर एकच कसोटी पटते. ज्या गुणाचे कारण त्या स्पर्धकाच्या डोळ्यांत पाहून सांगता येत नाही, तो गुण देऊही नये आणि कापूही नये.

ही कसोटी गुणपत्रिकेला लावून पाहा. बहुतेक ठिकाणी पहिला रकाना असतो ‘चेहरा व व्यक्तिमत्त्व’, आणि त्याला सर्वांत जास्त गुण असतात. समजा, एका मुलीला तिथे वीसपैकी अकरा दिले. कार्यक्रम संपल्यावर तिने नम्रपणे विचारले, ‘मॅडम, नऊ कुठे गेले?’ तर काय सांगणार? रंग सावळा आहे? नाक बसके आहे? दात जरा पुढे आहेत? सभ्य माणसाची जीभ हे बोलायला धजणार नाही. मग जे तोंडावर बोलवत नाही, ते कागदावर आकड्यात लिहायला हात कसा धजतो? २०२० साली हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या प्रसिद्ध क्रीमच्या नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. नाव बदलले, पण गोरेपणाला न बोलता दोन गुण जास्त देण्याची आपली नजरेची सवय अजून गेलेली नाही. ती या रकान्यात लपून बसते.

याउलट हीच मुलगी लावणीवर नाचली आणि तिला कलेच्या फेरीत वीसपैकी तेरा मिळाले, तर कारण सांगता येते. दुसऱ्या कडव्याला ताल सुटला, अदा सुंदर होत्या, दम कमी पडला. ती ते ऐकून घेईल आणि पुढच्या वर्षी तयारी करून येईल. बोलण्यातली स्पष्टता, मंचावरचा वावर, उत्तरातला विचार, स्वतःच्या हाताने केलेली वेशभूषा, हे सगळे माणूस मेहनतीने कमावतो. नाकाचा आकार कोणी कमावलेला नसतो. म्हणून खरा न्यायनिवाडा स्पर्धेच्या रात्री होतच नाही. आयोजक रकाने आखतात, तेव्हाच तो अर्धाअधिक झालेला असतो.

रकाने चांगले असले तरी बेरीज फसवू शकते. समजा, तीन परीक्षक आहेत. दोघे हात राखून गुण देणारे. पहिल्या मुलीला दहापैकी आठ-आठ, दुसरीला सात-सात. तिसरा परीक्षक मात्र पहिलीला चार देतो आणि दुसरीला नऊ. पहिलीची बेरीज वीस, दुसरीची तेवीस. तिघांपैकी दोघांना पहिली सरस वाटली होती, तरी मुकुट दुसरीच्या डोक्यावर गेला. कोणी लबाडी केली नाही, पण ज्याने आकडे ताणले त्याच्या एका मताला दोघांच्या मतांहून जास्त वजन आले. उपाय साधा आहे. प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम लावावा आणि क्रमांकांची बेरीज करावी. वरच्या उदाहरणात पहिलीची बेरीज चार येते, दुसरीची पाच, आणि कमी बेरीज असलेली पहिली जिंकते. एवढे गणित दोन माणसांनी परीक्षकांसमोर करावे, पत्रिकांवर सह्या घ्याव्यात, खाडाखोडीवरही सही घ्यावी.

सही झाल्यावर दडपण पेलायची ताकदही येते. कारण दडपण येतेच. दोन फेऱ्यांच्या मधल्या चहाच्या वेळी कोणीतरी खुर्चीशी वाकून हळूच सांगते, ‘सात नंबरकडे जरा लक्ष असू द्या, आपल्या प्रायोजकांच्या घरातली आहे.’ सांगणारा वाईट नसतो. पुढच्या वर्षीची वर्गणी त्याच्या डोळ्यांसमोर असते. पण उरलेल्या स्पर्धकांनीही प्रवेश फी भरलेली असते, साडी उसनी आणलेली असते, रजा टाकलेली असते. त्यांना आपण स्पर्धा म्हणून बोलावले आणि आतून सत्कार समारंभ उरकला, तर ती सरळ फसवणूक आहे. परीक्षकाची स्वतःची भाची स्पर्धेत असेल, तर त्याने ते आधीच सांगून त्या स्पर्धेच्या परीक्षणातून बाजूला व्हावे.

प्रश्नोत्तरांच्या फेरीत तर परीक्षकाचीच परीक्षा असते. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या नागपूरच्या मधू सप्रेला विचारले गेले, देशाची सूत्रे हाती आली तर काय करशील? ती खेळाडू होती. क्रीडांगण उभारीन, असे तिने सांगितले. ती तिसरी आली आणि त्या उत्तरानेच मुकुट हुकला, असे आजही म्हटले जाते. गरिबी हटवीन, हे पाठ केलेले वाक्य तिला म्हणता आले असते. ती आपल्या आयुष्यातून बोलली. आपल्या गावच्या मंचावर एखादी मुलगी म्हणाली, ‘मला आधी एसटीची सकाळची फेरी सुरू करून घ्यायची आहे’, तर त्या उत्तराची किंमत कळणारा परीक्षक हवा. आणि ‘लग्नानंतर सासरचे नको म्हणाले तर नोकरी सोडशील का?’ असला प्रश्न विचारून टाळ्या मिळवणारा परीक्षक नको.

आणखी एक गोष्ट फलकावरच ठरून जाते. ‘फक्त सौभाग्यवतींसाठी’ असे लिहिले की त्याच गल्लीतली पती गमावलेली बाई गुण मिळण्याआधीच बाद होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितले. एका गावाला हे जमते, तर मंडळाला फलकावरचा एक शब्द बदलणे जड जाऊ नये. तो बदलायला का नको, याचे कारण त्या बाईसमोर सांगता येते का, एवढेच विचारून पाहावे.

गावची स्पर्धा ती केवढी, तिच्यासाठी एवढा विचार कशाला, असे म्हणणारे भेटतात. मूळच्या गोव्याच्या कुटुंबातली आणि मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणारी रीटा फारिया १९६६ साली मिस वर्ल्ड झाली, ती मिस बॉम्बेसारख्या शहरातल्या स्पर्धेतून पुढे गेली होती. मुकुट उतरवून ती पुन्हा वैद्यकाकडे वळली, डॉक्टर झाली. पहिला मंच माणसाला ‘मी उभी राहू शकते’ हे शिकवतो, नाहीतर ‘हे सगळे आधीच ठरलेले असते’ हे शिकवतो. दुसरा धडा एकदा मनात बसला की तो मुलाखतीत, परीक्षेत, निवडणुकीतही सोबत करतो. शिवाय मोठ्या स्पर्धेचा परीक्षक विमानाने निघून जातो. आपली स्पर्धक आपल्याला सोमवारी बँकेच्या काउंटरवर भेटणार असते.

म्हणून यंदा कोणी परीक्षक म्हणून बोलावले, तर होकार देण्याआधी गुणपत्रिका मागून घ्यावी. रूपाचा रकाना काढायला सांगावा. आणि निकालानंतर जी स्पर्धक विचारेल तिला तिच्या गुणांचे कारण सांगण्याची मुभा मागावी. आयोजकांना हे मान्य असेल तर आनंदाने जावे. मान्य नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. शाल-श्रीफळ त्या वर्षी दुसऱ्या कोणाला मिळेल, पण कारण न सांगता माणसाला कमी लेखण्याच्या कामात आपला हात तरी नसेल.