नाली तुंबली आणि च्यवनप्राश

काऊन रे, उभा राहा. त्या दर्यापूरकडच्या वरातीच्या घोडीला हा ओमेगा-३चा डबा तू कोणत्या पुस्तकातून लिहून दिलास? "दाह कमी होतो, सर" म्हणे! कोणता दाह, किती दिवसांचा, पाहिलास?

नर लावला की घोडीच्या गर्भाशयात सूज येणारच. वीर्य थेट गर्भाशयात पडतं. पांढऱ्या पेशी धावून येतात, उरलेले शुक्रजंतू आणि सोबत शिरलेली घाण उचलतात, स्नायू आवळतात आणि सगळं पाणी बाहेर ढकलतात. आजार नाही तो, झाडलोट आहे. धडधाकट घोडीत दीडेक दिवसात आटपते. आटपली नाही, तिथे आपलं काम सुरू. ही घोडी किती वेळा व्याली, विचारलंस? वय झालेल्या घोडीचं गर्भाशय पुढे ओथंबतं आणि पाणी आतच साचतं. ते भुकटी चारून निघतं का? नाली तुंबली तर आपण गाळ काढतो. घरमालकाला च्यवनप्राश चाटवत नाही.

गर्भ साधारण सहाव्या दिवशी गर्भाशयात उतरतो. तोवर जागा स्वच्छ पाहिजे. म्हणून दुसऱ्याच दिवशी सोनोग्राफी. पाणी दिसलं तर कोमट सलाइनने धुवायचं, ऑक्सिटोसिन द्यायचं. लावल्यावर चार तास थांबून धुतलं तर गर्भधारणेला धक्का लागत नाही, हे याच फळ्यावर लिहिलं होतं मी. तू दुसऱ्या दिवशी कुठं होतास? अमरावतीला, लग्नात!

शेपूट तरी उचलून पाहिलीस का? योनीचे ओठ सैल असले की हवा आणि लीद आत ओढली जाते. कॅसलिक या पशुवैद्याने १९३७ सालीच टाके घालून ते मिटवायचं दाखवलं. त्याला सुई-दोरा लागतो, डबा नाही.

आता तुझं ते ओमेगा-३. अगदीच थोतांड नाही, एवढं कबूल. त्यातलं डीएचए चारल्यावर सूज कमी झाल्याचे काही छोटे प्रयोग आहेत. पण ते पेशींत मुरायला कित्येक आठवडे लागतात. तू सुरू केलंस लावल्याच्या रात्री! वर डब्यातल्या भुकटीत आहे जवसाचं तेल. जवसातून घोड्याच्या अंगात डीएचए जेमतेमच बनतं. आणि जवसच चारायचा होता, तर वऱ्हाडात काय डब्यातून विकत घ्यावा लागतो?

सगळ्यात राग याचा की दावणीत आधी काय पडतंय ते तू विचारलं नाहीस. मालक गाईंचा खुराक घोडीलाही टाकतो. डबा आणि खुराक, दोन्हीकडून सेलेनियम गेलं आणि प्रमाण ओलांडलं, तर आयाळ झडेल, खूर फुटतील. त्या खुराकात मोनेन्सिन हे औषध निघालं तर? गाय पचवते, घोड्याच्या हृदयाचा स्नायू सडतो, उभा घोडा पडतो.

बस नको, माझ्या गाडीत बस. सोनोग्राफीचं यंत्र मागे ठेव. आणि खुराकाच्या पोत्यावरचं लेबल तिथे मालकासमोर मोठ्यानं वाचायचं, तू.