मोहरबंद ड्रायव्हर

फुकट मिळालेली वस्तू भरवशाचीही असावी, अशी अपेक्षा धरणं नीतीला धरून आहे काय? आमचे एक शेजारी हा गहन प्रश्न एका वाक्यात निकालात काढतात : "फुकटचा गावता, वर ता चलाकय व्हया?"

लिनक्सची गोष्ट थोडी निराळी. १९९१ पासून जगभरच्या लोकांनी लिहीत आणलेली ही प्रणाली फुकट तर आहेच, शिवाय तिचं खातेपुस्तक कुणीही उघडून पाहावं. पण घोडं पेंड खातं ते पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरपाशी. हा ड्रायव्हर एसटीचा नव्हे. कार्ड आणि प्रणाली यांच्यामधला दुभाष्या. एन्व्हिडिया कंपनी हा दुभाष्या वर्षानुवर्षं मोहरबंद पेटीतून पाठवी. इकडे प्रणालीचा गाभा बदलला, की पेटीतल्याशी त्याचं जमेना, आणि गिऱ्हाइकापुढे काळा पडदा! नूव्होवाल्या मंडळींनी नुसतं कार्डाचं वागणं न्याहाळून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला. न बोलणाऱ्या साहेबाचा मूड ओळखावा, तसा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी तर २०१२ साली फिनलंडमध्ये भर सभेत कंपनीला मधलं बोट दाखवलं. बँकेत आम्ही याऐवजी मेमो देतो.

आणि शेजाऱ्यांचा हिशेब इथंच चुकतो. प्रणाली फुकट असेल, कार्ड रोख मोजूनच घ्यावं लागतं. मग भरवसा मागायचा तो पैसे घेणाऱ्याकडे.

मोहरबंद ड्रायव्हर आत आला, तर लिनक्स त्याला हाकलत नाही; स्वतःवरच 'बाटलेला' अशी नोंद करून घेतं. खरंच, अर्थ तोच! मग तक्रार नेली की कर्ते म्हणतात, आधी तो काढा. आम्हा इन्सुलीकरांना हे सोवळं चटकन उमगतं. गोव्याकडून आलेल्या गाडीतल्या पेटीबद्दल आमच्या तपासणी नाक्यावर 'विश्वास ठेवा' एवढं उत्तर पुरत नाही. तिजोरीलाही दोन किल्ल्या असतात, त्या दोघांना रात्री झोप लागावी म्हणून.

तरी गरजेपुढे सोवळं किती टिकणार? पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' २०२० च्या नोव्हेंबरात जगातल्या महासंगणकांत ६३वा आला, तो लिनक्स आणि एन्व्हिडियाची कार्डं एकत्र नांदवूनच.

मे २०२२ मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा गाभ्यात बसणारा भाग खुला केला. पण बरंचसं गुपित कार्डातल्याच आज्ञावलीत राहिलं. म्हणजे पेटी उघडली, तर आत डबी! आता ती कुठल्या नाक्यावर न्यायची?